रेघ उठलेली की खोल? नाणं आणण्याआधी घरीच पाहा

आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानात कोणी ना कोणी रुमालाची गाठ सोडतंच. "पाहा बरं भाऊ, मोबाइलवर याचे लाख रुपये सांगून रायले." बहुधा ते 2012 चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं निघतं. ते चलनातलं आहे, खुशाल भाजी घ्या. 'आधी कमिशन भरा, मग लाख देतो' म्हणणारा भामटा समजा. रिझर्व्ह बँकेनंही 2021 मध्ये असा इशारा दिला होता.

आमच्या दुकानात नाणी घेतो ती छापताना राहिलेल्या दोषासाठी. म्हणून आम्ही पाहतो तो ठसा, म्हणजे नक्षी कोरलेला साचा. टांकसाळीत धातूची चकती दोन ठशांमध्ये दाबतात, तेव्हा नाणं तयार होतं. दाब सोसून सोसून ठसा तडकला की धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर रेघ उठते. नाणं उन्हात तिरपं धरा. रेघ उठलेली असेल तर ठशाची. खोल असेल तर ओरखडा. त्याला किंमत नाही.

दुहेरी अक्षरं सगळ्यात फसवी. ठसा घडवतानाच आकृती दोनदा उमटली असेल तर अक्षर जाड दिसतं, दोन्ही रूपं गोलसर असतात आणि टोकाला बारीक खाच पडते. असं नाणं जपून ठेवा. पण अक्षराला लागून चपटी पायरी दिसली, तर छापताना ठसा हलला एवढंच. आमच्याकडे येणारी 'डबल' नाणी बहुतेक याच जातीची.

आता सिंह सरळ ठेवून नाणं वर-खाली दोन बोटांत धरा आणि गर्रकन फिरवा. मागची बाजूही सरळच दिसायला हवी. थोडी कलली तर सोडून द्या. आडवी किंवा उलटी दिसली तर घेऊन या.

सालाखालची खूण हा दोष नाही, तो टांकसाळीचा पत्ता आहे: चौकट (हिऱ्याचा आकार) मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. दहाच्या नाण्यावर 15 रेघा की 10, यावरून बाजारात अजून भांडणं होतात. 2011 मध्ये रुपयाचं चिन्ह आलं तेव्हा नक्षी बदलली, दोन्ही खरी.

एक विनंती: चिंच, राख लावून घासू नका. चकाकी येते, पण गिऱ्हाईक जातं. कागदात गुंडाळून आणा, बाजाराचा दिवस सोडून. भिंगाखाली तुमच्यासमोरच पाहू. पाहण्याचे पैसे घेत नाही.