‘सोडा टाक’ म्हणजे नक्की कुठला?

गालिच्यावर काही सांडलं की घरातला पहिला सल्ला ठरलेला, “सोडा टाक.” आमच्याकडे तो सासूबाईंनी आतल्या खोलीतून दिला आणि मी निमूटपणे पाळला. सांडलं होतं वरण. गालिचा लोकरीचा, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा. हाताला लागला तो मोरीतल्या फळीवरचा डबा. दोन चमचे पाण्यात कालवून डागावर घासले, आणि बघता बघता पिवळा डाग लालभडक झाला. सासूबाईंच्या मनात होता ढोकळ्यातला सोडा. मी घातला होता धुण्याचा.

दोघांची गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही पांढरे, दोन्हींना वास नाही, आणि नात्याने तर अगदी जवळचे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा म्हणजे सोडियम कार्बोनेट. कारखान्यातल्या सॉल्वे पद्धतीत आधी बायकार्बोनेट तयार होतं आणि ते भाजलं की त्याचा धुण्याचा सोडा होतो. हेच घरच्या कढईतही घडतं. खाण्याचा सोडा चांगला तापवला की त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे उरतो धुण्याचा सोडा.

फरक आहे तो तिखटपणात, म्हणजे अल्कधर्मी असण्यात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप) साधारण 8.3, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा 11 च्या वर. आकडे जवळचे वाटतात, पण सामूची एकेक पायरी दहापटीची असते. म्हणजे हा फरक शेकडो पटींचा आहे.

लोकरीला धुण्याचा सोडा सोसत नाही. लोकर म्हणजे केसच, केराटिन नावाचं प्रथिन, आणि तीव्र अल्कलीत ते कमजोर होतं. धागा खरखरीत होतो, पिवळट पडतो, वर रंगही सुटू लागतो. काश्मिरी रेशमी गालिच्याचंही तेच, कारण रेशीमही प्रथिनच. आपल्याकडे लोकरीच्या शाली रिठ्याच्या पाण्यात धुवायची पद्धत आहे ती उगाच नाही. रिठ्याला फेस असतो, पण अल्कलीचा जाच नसतो. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं यंत्रावरचं कार्पेट किंवा सुती सतरंजी असेल तर धुण्याचा सोडा एवढा घातक नाही. तेलकट सतरंजी बादलीत भिजवायला तर तोच हवा, कारण तेल सोडवायची ताकद त्याच्यात आहे. मात्र कार्पेटच्या पाठीला ताग असेल तर अल्कलीच्या पाण्याने तपकिरी डाग वर येऊ शकतो. मग मूळ डाग परवडला असं होतं.

तुमचा गालिचा कशाचा आहे हे माहीत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक.

आता खाण्याचा सोडा. तो सौम्य आहे म्हणून डाग काढतो, असं मात्र नाही. त्याचं खरं काम वासाचं. दूध सांडून आंबलेला वास आम्लांचा असतो, आणि सोडा त्यांना गाठून शांत करतो. कोरडा भुरभुरायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. (व्हॅक्यूमचा फिल्टर मग साफ करा, ही पूड फार बारीक असते.) ताज्या तेलावर टाकला तर थोडं तेल शोषून घेईल, पण तेवढं काम बेसनही करतं. आणि सोड्यावर व्हिनेगर ओतून फसफस बघण्याचा जो प्रकार चालतो, तो डोळ्यांना छान दिसतो एवढंच. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि तुमच्या गालिच्यावर उरतं मिठासारखं एक निरुपद्रवी पाणी.

चहाच्या डागावर दोन्ही सोडे चुकीचेच. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की तो फिका होतो, सोडा पडला की काळपट. गालिच्यावरही तेच होतं. तिथे आधी पांढऱ्या सुती फडक्याने टिपायचं, घासायचं नाही, मग गार पाणी, आणि शेवटी वाटीभर पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर. दुधाच्या चहावर गरम पाणी टाकू नका, दुधातलं प्रथिन धाग्यातच गोठून बसतं.

हळद अल्कलीत लाल होते, ही गोष्ट आपल्याला तशी घरचीच आहे. ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके पडतात. पारंपरिक कुंकूही हळदीला चुना लावूनच लाल होतं; सोलापूर जिल्ह्यातलं केम त्या कुंकवासाठीच प्रसिद्ध. म्हणजे मी गालिच्यावर नकळत कुंकू बनवलं होतं.

हीच हळद दोन सोडे ओळखायलाही कामाला येते. बिननावाच्या डब्यातली चिमूटभर पूड पाण्यात विरघळवून त्यात हळद टाका. रंग जेमतेम नारिंगीकडे झुकला तर तो खाण्याचा, गडद लाल झाला तर धुण्याचा. लिंबू पिळून बघण्यात अर्थ नाही, फसफसतात दोन्ही. बोटांना खाण्याचा सोडा टाल्कसारखा मऊ लागतो आणि धुण्याचा सहसा रवाळ. पण धुण्याच्या सोड्याचे खडे उघडे राहिले की पाणी सोडून त्यांचीही पूड होते, तेव्हा निव्वळ स्पर्शावर विसंबू नका. चव घेऊन तर मुळीच बघू नका.

माझ्या गालिच्याचं म्हणाल तर त्या लाल डागावर पाणी घातलेलं व्हिनेगर टिपलं, तो पुन्हा पिवळा झाला. मग रिठ्याचं पाणी, मग गार पाणी. उरलेला पिवळेपणा उन्हाने काढला, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. डागाएवढं भोक पाडलेली जुनी चादर गालिच्यावर पांघरून तो चार दिवस गॅलरीत टाकला, म्हणजे बाकीचे रंग विटू नयेत. डाग गेला. मी जिथे घासलं तिथली लोकर अजून हाताला खरखरीत लागते, म्हणून त्या कोपऱ्यावर आता खुर्ची असते. मोरीतल्या डब्यावर सासूबाईंनी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘धुण्याचा’.