शहर नेमकं किती वाढलं?

३० मीटर लांब आणि तेवढाच रुंद असा जमिनीचा चौकोन घ्या. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात तो एकच ठिपका असतो, म्हणजे एक पिक्सेल. त्या चौकोनात अर्धं घर, थोडं अंगण, दोन झाडं आणि रस्त्याची कड असली, तरी उपग्रहाच्या हाती लागतं ते या सगळ्यांनी मिळून परत पाठवलेल्या प्रकाशाचं मोजमाप. शहरांच्या वाढीचे बहुतेक नकाशे अशाच ठिपक्यांतून बनतात.

ओळख पटवायला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फार उपयोगी पडतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि जवळचे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतं. पाणी हेच किरण जवळजवळ सगळे गिळून टाकतं. काँक्रीट आणि डांबर यांची तऱ्हा आणखी निराळी. माहितीच्या जागांचे नमुने संगणकाला दिले, की उरलेल्या लाखो ठिपक्यांवर तो पाणी, जंगल, शेती, बांधकाम असे शिक्के मारत जातो.

पण नांगरून ठेवलेलं कोरडं शेत किंवा नदीची उघडी वाळू यांचा प्रकाश बांधकामाच्या प्रकाशाशी बराच जुळतो. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना चित्रं एकाच हंगामातली घ्यावी लागतात. चित्रांची स्पष्टताही बदलत आली आहे. १९७२ साली सोडलेल्या पहिल्या लँडसॅटचा ठिपका सुमारे ८० मीटरचा होता, १९८२ पासून तो ३० मीटरचा झाला आणि २०१५ पासून सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह १० मीटरपर्यंत पाहतो. जुन्या चित्रात न दिसलेली छोटी वस्ती नव्या चित्रात उमटते आणि ती नव्यानेच उभी राहिली असा समज होतो.

जुना नकाशा नव्यातून वजा करायचा आणि उरेल ती वाढ, ही पद्धत सोपी आहे, म्हणूनच मला ती धोक्याची वाटते. समजा, दोन्ही नकाशे ९० टक्के अचूक आहेत आणि त्यांच्या चुकांचा एकमेकांशी संबंध नाही. मग दोन्ही नकाशे बरोबर असण्याची शक्यता ८१ टक्केच उरते. उरलेल्या १९ टक्के जागी निदान एक तरी नकाशा चुकलेला असतो. प्रत्यक्षात ५ टक्केच जमीन बदललेली असेल, तर खरा बदल चुकांच्या गर्दीत हरवतो. शहराचं क्षेत्र दुप्पट झालं, असं सांगणाऱ्या नकाशासोबत त्रुटीची मर्यादा दिलेली नसेल, तर त्या आकड्यावर मी विसंबणार नाही. ती मर्यादा काढण्यासाठी ठिकठिकाणचे ठिपके यादृच्छिकपणे निवडून, अधिक स्पष्ट चित्रांशी किंवा प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळावे लागतात. काम किचकट आहे, पण त्याला पर्याय नाही.

२००८ साली लँडसॅटचा संपूर्ण साठा विनामूल्य खुला झाला आणि एक चांगली वाट सापडली. दोनच चित्रं घेण्याऐवजी एकाच ठिपक्याची अनेक वर्षांची नोंद सलग पाहता येऊ लागली. शेताच्या हिरवेपणाचा आलेख पिकाबरोबर चढतो, कापणीनंतर उतरतो, दरवर्षी. तिथे इमारत उभी राहिली, की हा चढउतार थांबतो आणि आलेख सपाट होऊन तसाच राहतो. कोरडं शेत आणि काँक्रीट यांतला जो फरक एका चित्रात दिसत नाही, तो इथे स्पष्ट होतो. शिवाय बांधलेली जागा सहसा पुन्हा शेत होत नाही. त्यामुळे एखादा ठिपका बांधकाम, मग शेत, मग पुन्हा बांधकाम असा उड्या मारताना दिसला, तर गफलत वर्गीकरणात आहे असं बहुधा समजावं.

तरीही उपग्रहाला दिसतं ते जमिनीवरचं आच्छादन. छताखाली घर आहे, गोदाम आहे की शाळा, हे ठिपका सांगत नाही. त्यासाठी रस्त्यांचे नकाशे, जनगणना आणि स्थानिक नोंदी जोडाव्या लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ११.३.१ हा निर्देशांक अशाच जोडणीवर उभा आहे: शहर जमीन व्यापतं तो वेग भागिले लोकसंख्यावाढीचा वेग. लोकसंख्या वाढत असताना हे गुणोत्तर १ च्या वर गेलं, तर माणसांपेक्षा जमीन वेगाने खर्ची पडते आहे. यातला अंश येतो तो याच नकाशांतून.