गिरण्यांच्या जमिनी आणि कामगारांची घरं : वादाचं मूळ २००१ मध्ये

मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या कामगारांना शहराबाहेर, शेलू आणि वांगणीला देऊ केलेल्या घरांवरून कामगार आणि सरकार यांच्यात जी ओढाताण चालू आहे, तिच्यात ‘मुंबईत जमीनच उरलेली नाही’ हा मुद्दा वारंवार पुढे येतो. पंचवीस वर्षांपूर्वी ती होती, आणि तिच्यातला ठरावीक वाटा घरांसाठी द्यायचा असा नियमही होता.

सरकारने कामगारवस्तीत घरं बांधण्याची परंपरा तशी जुनी. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी न्यास स्थापन झाला, १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून सरकारी विकास खात्याच्या २०७ चाळी (बीडीडी चाळी) उभ्या राहिल्या. गिरण्यांच्या आवाराला मात्र तेव्हा कुणी हात लावला नाही, कारण तिथे भोंगे वाजत होते. ते थांबल्यावर ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन ऐन शहराच्या मध्यात पडून राहिली. १९८२ च्या गिरणी संपाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहेच.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या कलमाने या जमिनीची वाटणी ठरवली. ‘पालिका, म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण) आणि मालक यांना एकेक तृतीयांश’ असं सगळे म्हणतात, पण प्रत्यक्षात टप्पे होते. पाच हेक्टरपर्यंत ३३ टक्के पालिकेला मैदानं-बागांसाठी, २७ टक्के म्हाडाला घरांसाठी आणि ४० टक्के मालकाला. दहा हेक्टरच्या वर गेलं की म्हाडाचा वाटा ३७ टक्क्यांवर जाई आणि मालकाचा ३० वर येई. जमीन जितकी मोठी, तितका घरांचा हिस्सा जास्त.

पळवाट त्याच कलमात होती. जुनी शेड न पाडता आतला वापर बदलला, तर वाटणी लागू होत नसे. त्यामुळे दहा वर्षांत मोजक्याच गिरण्या वाटणीला आल्या. लोअर परळला एका गिरणीच्या शेडमध्ये बोलिंग ॲली निघाली ती याच काळात. १९९६ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाने सगळ्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा करावा असं सुचवलं होतं. तसा आराखडा कधी अमलात आला नाही.

मग २००१ ची दुरुस्ती आली. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मालक पुढे येत नाहीत, कामगारांची देणी थकली आहेत, आजारी गिरण्यांना पैसा हवा, म्हणून अट सैल करू, असं ते म्हणणं होतं. पण सैल केलं ते टक्के नाहीत. टक्के जागच्या जागी राहिले आणि वाटणी ‘मोकळ्या जमिनी’पुरती उरली. स्पष्टीकरणात म्हटलं की ज्या जमिनीवर आज बांधकाम उभं आहे ती, उद्या ते पाडलं तरी, मोकळी धरायची नाही.

गिरणी ज्याने आतून पाहिली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. विणकामाच्या शेड बैठ्या, करवतीच्या दात्यांसारख्या छपरांच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेल्या. मोकळं म्हणजे दाराजवळचं पटांगण आणि कोळशाची जागा. समजा, चार हेक्टरची गिरणी आहे आणि तीन हेक्टरवर शेड आहेत. जुन्या नियमाने म्हाडाला १.०८ हेक्टर मिळाले असते, नव्याने ०.२७. बागांची जागाही १.३२ वरून ०.३३ वर. शेड पाडून त्या जागी टॉवर बांधला तरी हिशेब तोच.

या एका स्पष्टीकरणावर पर्यावरणवादी न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, सरकारने केलेली दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या काळात, २००५ मध्ये, राष्ट्रीयीकृत गिरण्यांच्या जमिनी लिलावात निघाल्या होत्या. लोअर परळची एक गिरणी ७०२ कोटींना गेली, दादरची एक ४२१ कोटींना. हे आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले. त्या जमिनींवर किती घरं झाली असती, हा प्रश्न त्या पानावर फारसा दिसला नाही.

म्हाडाला जे मिळालं त्याचेही पुन्हा दोन भाग झाले. बांधलेल्या घरांतली निम्मी कामगारांसाठी, उरलेली संक्रमण शिबिरासाठी, म्हणजे घर सोडावं लागलेल्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेले कामगार किंवा त्यांचे वारस पात्र. पहिली मोठी सोडत निघाली ती थेट जून २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची, साडेसात लाखांना एक. संप सुरू झाला तेव्हा तिशीत असलेला माणूस तोवर साठी ओलांडून गेला होता. २०१६ मध्ये आणखी २,६३४ घरं आणि पनवेलजवळ कोनला २,४१७, मार्च २०२० मध्ये वडाळा आणि लोअर परळची ३,८९४. चारही सोडतींची मिळून १५,८७० घरं होतात. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. सोडतीत नाव लागल्यावरही ताब्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलेले अनेक आहेत, तो वेगळ्या लेखाचा विषय.

या तफावतीतूनच मुंबईबाहेरच्या घरांचा पर्याय आला. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर कर्जत मार्गावरच्या शेलू-वांगणीत खासगी विकासकांमार्फत ८१ हजार घरं बांधण्याचं ठरलं. कामगार संघटनांचा पहिला आक्षेप अंतराला होता. दुसरा जास्त तिखट होता : तिथलं घर नाकारलं तर हक्कच संपेल, अशी तरतूद त्या निर्णयात होती. जुलै २०२५ मध्ये संघटना आझाद मैदानावर जमल्या तेव्हा ती तरतूद काढा आणि घरं मुंबईतच द्या, या मागण्या पुढे होत्या.