नाशिकचा कातळ आणि समुद्रातले डायटम

पाणीवाटपाचा वाद पेटला की ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ हे शब्द हमखास कानी येतात. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरी खोऱ्यात वळवावे ही नाशिककरांची जुनी मागणी आहे आणि दुष्काळी तालुक्यांची निकड पाहता ती समजण्याजोगीही आहे. मात्र समुद्राला मिळालेले पाणी फुकट गेले, हे तिच्यामागचे गृहीतक किनाऱ्यावरील जीवसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या आणि तो शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला पटत नाही. त्र्यंबकेश्वरच्या परिसरात उगम पावणारी वैतरणा अरबी समुद्राला मिळते, तर ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी सुमारे 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते.

नदी समुद्राला गाळ देते आणि धरणांत तो अडला की त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पाण्यात विरघळलेल्या सिलिकेविषयी, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते त्या पदार्थाविषयी, मात्र फारसे बोलले जात नाही.

पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. ते सह्याद्रीच्या बेसॉल्ट या काळ्या कातळातील खनिजांवर काम करते आणि त्यातून सिलिसिक आम्लाच्या रूपात सिलिका नदीत उतरते. नदीतल्या ओल्या दगडावरचा तपकिरी, बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर होडीच्या आकाराच्या सोनेरी पेशी संथपणे सरकताना दिसतात. हे डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल. प्रत्येकाचे कवच सिलिकेचे असते आणि डबी व झाकण यांसारखे दोन भाग एकमेकांत बसलेले असतात. समुद्रातही डायटम असतात. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे पाचवा भाग त्यांचा मानला जातो. त्यांना खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर मासळीची मोठी साखळी उभी असते.

आता प्रमाणाकडे वळू. डायटमच्या पेशीत सिलिकॉन (सिलिकेतील मूलद्रव्य), नत्र आणि स्फुरद यांच्या अणूंचे प्रमाण ढोबळमानाने 15:16:1 असते, म्हणजे जेवढे नत्र जवळपास तेवढेच सिलिकॉन त्यांना लागते. धरणाच्या संथ, नितळ पाण्यात डायटम फोफावतात, मरतात आणि कवचातल्या सिलिकेसह तळाशी बसतात, त्यामुळे खाली सोडलेल्या पाण्यात सिलिका कमी उरते. याच नदीत पुढे शहरांचे सांडपाणी आणि द्राक्षबागांना, कांद्याला, उसाला घातलेल्या खतांचा निचरा मिसळतो. त्यातून नत्र आणि स्फुरद वाढतात, सिलिका त्या मानाने वाढत नाही. नदीमुखाशी सिलिका आधी संपली की डायटमची वाढ थांबते आणि उरलेल्या नत्रावर सिलिकेची गरज नसलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) माजतात, ज्यांतील काही विषारी असतात. डॅन्यूब नदीवरील आयर्न गेट्स धरणानंतर काळ्या समुद्रातील प्लवकांमध्ये असाच बदल झाल्याचे 1997 मध्ये मांडले गेले. त्यात एकट्या धरणाचा वाटा किती, यावर पुढे मतभेद झाले. प्रमाण बिघडले की प्लवक बदलतात, या तत्त्वाला मात्र त्याने बाधा येत नाही.

नाशिकच्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने गोदावरीविषयी ‘गंगामाई आपले पाणी आपणच शुद्ध करते’ असे श्रद्धेने सांगितले जाते. वाहत्या नदीतले जीवाणू सेंद्रिय घाण काही मर्यादेपर्यंत कुजवतात, एवढेच त्यात तथ्य आहे. स्फुरद हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही आणि मंत्राने नाहीसेही होत नाही. ते पाणवेलीत जाते, गाळात बसते किंवा पुढे वाहते. पाणवेली काढून काठावरच रचून ठेवल्या, तर त्या कुजून तेच स्फुरद पुन्हा पात्रात उतरते.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रांविषयी बोलताना बहुधा बीओडीचाच (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचा) आकडा सांगितला जातो. तो खाली आला म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण घटली. परंतु नेहमीच्या जैविक प्रक्रियेनंतरही नत्र आणि स्फुरदाचा मोठा हिस्सा पाण्यातच राहतो आणि तो काढण्यासाठी वेगळा टप्पा उभारावा लागतो.