समाधान (गोवा)

समाधान : सुख आणि दुःख दोन्ही पदरी घेऊन मन ठिकाणावर ठेवण्याची वृत्ती. 'सम्', 'आ' हे उपसर्ग आणि 'धा' हा धातू मिळून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'नीट एकत्र ठेवणे' असा आहे. वेदान्तात शमापासून, म्हणजे मन आवरण्यापासून, सुरू होणाऱ्या सहा साधनांत समाधान शेवटचे. त्याआधी तितिक्षा येते, म्हणजे शीत-उष्ण, सुख-दुःख कुरकुर न करता सोसणे. गोव्याच्या मराठी भक्तिपरंपरेने हे साधन घेतले, पण कुरकुरीवरची बंदी काही पाळली नाही.

समाधानाची 'सुशेगाद'शी सर्रास गल्लत होते. पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आलेला हा शब्द निवांतपणाचा आहे. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला आळसाचा वास लावला. निवांतपणाला दुपारची झोप पुरते, समाधानाची कसोटी मात्र घरात अडचण आल्यावरच लागते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली देवळे पाडली गेली, तेव्हा भाविकांनी देव हलवले. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा अंत्रुज महालात (आजच्या फोंड्याकडे) गेली, मडगावचा दामोदर झांबावलीला. आज शिगम्यात मडगावकर झांबावलीला जाऊन गुलाल उधळतात. देव गावाबाहेर गेल्याचे दुःख कोणी नाकारलेले नाही. त्याच वाटेवर उत्सव उभा राहिला, एवढेच.

वास्कोचा भजनी सप्ताहही असाच संकटातून निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात प्लेगची साथ होती. गावकऱ्यांनी झांबावलीच्या दामोदराला साकडे घातले, तिथून श्रीफळ आणले आणि त्यापुढे अखंड भजन धरले, असे परंपरा सांगते. नाव सप्ताह असले तरी भजन चालते 24 तास. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नवे श्रीफळ ठेवतात आणि पथकांमागून पथके बसतात. एकाचे टाळ थांबण्याआधी दुसऱ्याचे वाजू लागतात. बाहेर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरलेली असते, खाजे विकले जात असते. साथीच्या आठवणीला खाज्याची चव लागली म्हणून कोणाला वावगे वाटत नाही.

पेडण्यातील पालये येथे 1714 साली जन्मलेले संतकवी सोहिरोबानाथ आंबिये 'अवघे प्राक्तन हे मुरले' असे म्हणतात. 'मुरले' हे क्रियापद पाहण्यासारखे आहे. बरणीतल्या मिस्कूटात, म्हणजे गोव्याच्या लोणच्यात, कैरीचा आंबटपणा आणि मिरचीचा तिखटपणा दोन्ही राहतात, फक्त वेगळे काढता येत नाहीत. कुळकर्णीपणाचे वतन सोडून पुढे उत्तरेकडे निघून गेलेल्या माणसाचा हा शब्द आहे.

रोजच्या व्यवहारात ही वृत्ती दिसते ती गाऱ्हाण्यात. प्रमाण मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. गोव्यात आणि कोकणात देवापुढची प्रार्थनाही तीच. नारळ ठेवून देवाला नावाने हाक मारायची, घरात काय अडले आहे ते मोठ्याने सांगायचे, आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. दुःख आतल्या आत गिळणे इथे अपेक्षितच नाही. मुलीचे लग्न, भावाभावांतला बागायतीचा वाद, लांबलेले आजारपण, सगळे चारचौघांत येते.

त्यानंतर कौल, म्हणजे देवाचा होकार-नकार घेणे. यालाच प्रसादही म्हणतात. पुजारी पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या किंवा कळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो. मग वाट पाहायची. पाणी सुकेपर्यंत कधी पाच मिनिटे जातात, कधी अर्धा तास. समई तेवढी तेवत असते. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. नकारावर देवाशी भांडण नसते. यजमान हात जोडतो, तीर्थ घेतो, दक्षिणा ठेवतो आणि पायरीवर बसून चपला घालताना शेजाऱ्याला यंदाचा पाऊस कसा आहे ते विचारतो. काही जण थोड्या दिवसांनी तोच प्रश्न जरा शब्द बदलून पुन्हा घेऊन येतात. पुजारी ओळखतो, पण बोलत नाही. पाकळ्या भिजत घालतो.