नीला-बायपासमधील बाह्य आधार

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पायाची नीला (शीर) तुंबलेल्या रोहिणीला, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीला, वळसा म्हणून जोडल्यावर तिची भिंत जाड होत जाते. ही वाढ रोखण्यासाठी नीलेवर बाहेरून चढवलेल्या जाळीदार नळीला बाह्य आधार म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बायपास झालेला माणूस ‘पायातली शीर काढून छातीत घातली’ असे सांगतो आणि घोट्यापासून वर गेलेला व्रण पायजमा सरकवून दाखवतो. ती शीर म्हणजे सॅफेनस नीला. शल्यचिकित्सक रेने फावालोरो यांनी 1967 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे तिचा बायपाससाठी वापर सुरू केला.

पायात असताना या नीलेला फारसा दाब ठाऊक नसतो. छातीत गेल्यावर मात्र प्रत्येक ठोक्याला पाऱ्याच्या सुमारे 120 मिमी दाबाचा मारा तिच्यावर होतो. सायकलची ट्यूब टायरशिवाय फुगवून पाहावी: ती ताणते आणि एखाद्या ठिकाणी फुगा धरते. दाब आणि त्रिज्या वाढली की भिंतीवरचा ताण वाढतो, जाडी वाढली की उतरतो. म्हणून नीला जाड होऊ लागते. भिंतीतल्या अरेखित (आपोआप आकुंचन पावणाऱ्या) स्नायुपेशी आतल्या अस्तराकडे सरकून तिथे वाढतात आणि पोकळी अरुंद होते. पुढे याच थरात मेद साठतो. दहा वर्षांत सुमारे निम्म्या नीला बंद पडतात किंवा खराब होतात. छातीच्या आतल्या बाजूची रोहिणी वापरली तर दहांतल्या नऊ चालू असतात. तंबाखू ओढणाऱ्याची नीला लवकर बिघडते, हे निपाणीच्या पट्ट्यात वेगळे सांगायला नको.

बाहेरून टायर चढवावा, ही कल्पना 1960 च्या दशकातली. घट्ट आवरण बरे, असे कुणालाही वाटेल. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे डुकरांवर केलेल्या प्रयोगांत मात्र सैल आणि सच्छिद्र पॉलिएस्टरच्या नळीने अस्तराची वाढ चांगली रोखली. माणसांत हेच यश मिळाले नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत पॉलिएस्टरचे आवरण घातलेल्या सगळ्या नीला बंद पडल्या. त्यानंतर कोबाल्ट-क्रोमियमच्या तारेची विणलेली जाळी आली. अमेरिका आणि कॅनडातल्या 224 रुग्णांत, प्रत्येकाची एक नीला जाळीत व दुसरी उघडी ठेवून, ती तपासली गेली. 2022 मधल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर जाळीतल्या नीलेत वाढ थोडी कमी दिसली, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

धातूपेक्षा साधा उपाय स्वीडनमधल्या ओरेब्रो येथील शल्यचिकित्सकांनी रूढ केला. नेहमीच्या पद्धतीत नीला सोलून काढतात आणि सिरिंजने दाब देऊन फुगवतात. त्यात अस्तर दुखावते. ओरेब्रोच्या पद्धतीत भोवतालच्या चरबीसकट ती न फुगवता काढतात, म्हणजे टायर तिचा स्वतःचाच. मात्र पायावरची जखम मोठी राहते आणि भरायला वेळ घेते. मधुमेह असलेल्या, उसाच्या पाण्यात उभे राहून काम करणाऱ्या शेतकऱ्याला तो पाय बराच काळ कोरडा ठेवावा लागतो.