चौदा इंची चकती का फुटते

साकीनाका, कुर्ला, भांडुप, कुठेही फॅब्रिकेशनच्या गाळ्यासमोरून गेलात की तो आवाज ऐकू येतोच. खिडकीच्या जाळीसाठी पाइप कापला जात असतो आणि ठिणग्यांचा नारिंगी पट्टा फुटपाथपर्यंत आलेला असतो. ते यंत्र जमिनीवरच मांडलेलं असतं. खाली लोखंडी बेस, त्यावर पाइप आवळायचा व्हाइस, मागे बिजागरी, वर मोटर आणि तिला बसवलेली ३५५ मिलिमीटरची, म्हणजे चौदा इंची चकती. कॅटलॉगमध्ये त्याला चॉप सॉ म्हणतात, गाळ्यात नुसतं कटर मशीन.

मोकळी फिरताना ही चकती मिनिटाला साधारण ३,८०० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर होतो. त्या कडेचा ५० ग्रॅमचा तुकडा सुटला, तर त्यात ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूइतकी ऊर्जा असते. फरक एवढाच की चेंडू गोल असतो आणि या तुकड्याला धार असते. चकती फुटते तेव्हा बहुतेक वेळा ‘माल खराब होता’ असं म्हणून विषय संपवला जातो. कधीकधी ते खरंही असतं. पण चकती कापते कशी हे एकदा समजून घेतलं, की ती का फुटते हेही कळतं, आणि फुटण्याची बहुतेक कारणं आपल्या हातातली निघतात.

या चकतीला करवतीसारखे दात नसतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कठीण कण रेझिनमध्ये कालवून, मध्ये काचतंतूची जाळी घालून आणि दाबून ती बनवलेली असते. प्रत्येक कण लोखंडाचा सूक्ष्म कीस काढतो. कण बोथट झाला की त्याच्यावर जोर येतो, रेझिन त्याला सोडून देतं आणि मागचा धारदार कण पुढे येतो. म्हणजे चकतीने झिजायलाच हवं. न झिजणारी चकती कापत नाही, नुसती घासत आणि तापत राहते. लेबलवर ‘ए ३० एस बीएफ’ असं काहीतरी छापलेलं असतं, त्यात हेच सगळं येतं: ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ३० म्हणजे कणांचा आकार, एस म्हणजे रेझिनची पकड किती घट्ट, बीएफ म्हणजे जाळी घातलेलं रेझिन.

आता मुख्य मुद्दा. चकती जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते. कडेवर आलेला दाब तिच्या पातळीतूनच मध्यापर्यंत पोचतो आणि तो ती आरामात सोसते. बाजूने दाब आला की मात्र ती वाकते, आणि हे रेझिन वाकण्यासाठी बनवलेलंच नाही. काचतंतूची जाळी तुकडे काही प्रमाणात धरून ठेवते, पण काही प्रमाणातच. चकतीच्या बाजूने पाइपचं टोक घासून बर, म्हणजे कापाच्या कडेवर राहिलेली धारदार किनार, काढायची सवय म्हणूनच वाईट. बर काढायला कानस किंवा ग्राइंडिंगची जाड चकती वापरावी.

हा बाजूचा दाब सगळ्यात जास्त वेळा कुठून येतो? हेल्परच्या हातातून. वीस फुटी पाइप व्हाइसमध्ये आवळलेला आहे, कापून वेगळा होणारा तुकडा चांगला लांब आहे, आणि तो खाली आपटू नये म्हणून हेल्पर त्याचं टोक धरून उभा आहे. पाइप अर्धा कापला गेला की टोक जड वाटायला लागतं, आणि चांगल्या हेतूनेच तो ते किंचित वर उचलतो. टोक वर गेलं की कापाच्या दोन्ही कडा वरच्या बाजूने एकमेकींजवळ येतात आणि चकती त्यांच्यात चिमटली जाते. मोटरचा आवाज एकदम खाली उतरतो, यंत्राचा हात झटक्याने वर येतो, आणि चकतीत आधीच बारीक तडा असेल तर ती तिथेच फुटते. दोन्ही टोकांखाली उंच विटा लावल्या तरी हेच होतं: मधला भाग खाली दबतो आणि वरचा काप मिटतो.

उपाय साधा आहे. व्हाइसमध्ये धरलेल्या बाजूच्या लांब शेपटाला बेसच्या बरोबर उंचीचा टेकू द्यायचा. कापून पडणारी बाजू मोकळी ठेवायची. ती फार लांब असेल तर तिचा टेकू किंचित खाली हवा, वर कधीच नको, म्हणजे काप उघडत जातो. हेल्परला हात लावायचाच असेल तर काप पूर्ण होऊन चकती वर गेल्यावर.

माल व्हाइसमध्ये कसा ठेवायचा यालाही महत्त्व आहे, कारण चकतीला एका वेळी जितकी कमी रुंदी कापायला मिळेल तितकी ती थंड राहते. अँगल, म्हणजे काटकोनात दुमडलेली पट्टी, पालथा ठेवायचा, कोपरा वर. पट्टी आडवी न ठेवता उभी, अरुंद कड वर. सळयांची किंवा पाइपांची मोळी एकदम कापू नये. व्हाइसचा दाब बाहेरच्या नगांवर येतो, आतला एखादा मोकळाच राहतो आणि चकती लागताच फिरतो. दहा मिनिटं वाचवण्यासाठी मोळी बांधली जाते, हे ठाऊक आहे. तरी बांधू नये.

मुंबईत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, ती म्हणजे पावसाळा. रेझिन आणि कण यांची एकमेकांवरची पकड दमटपणाने कमी होत जाते. म्हणूनच अशा चकत्यांना साधारण तीन वर्षांची मुदत देतात. चांगल्या चकतीच्या मधल्या भोकाभोवती पत्र्याचं कडं असतं, ते उजेडात तिरकं धरून पाहा. त्यावर महिना आणि वर्ष ठोकलेलं दिसतं, ०४/२०२७ असं. नागदेवी स्ट्रीटवर डझनाने माल घेताना ही तारीख वाचायला अर्धं मिनिट लागतं. कडं नाही, तारीख नाही, फेऱ्यांचा आकडा नाही, अशी चकती दहा-वीस रुपये स्वस्त असली तरी घेऊ नये. घरी किंवा गाळ्यात चकत्या सपाट ठेवाव्यात, झाकणाच्या कोरड्या डब्यात. खिळ्याला टांगून ठेवू नयेत, जुलैमध्ये ओल धरणाऱ्या लादीवर तर नकोतच. गाळ्यात पाणी शिरून भिजलेली चकती उन्हात वाळवून परत लावायची नसते. ती वाळल्यावर पूर्वीसारखी दिसते, पण गेलेली पकड परत येत नाही.

चकती बदलताना आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण पाना स्पिंडलवर, म्हणजे चकती बसते त्या दांड्यावर, असताना कुणाचा पाय स्विचला लागायला वेळ लागत नाही. जुनी चकती काढली की दोन्ही फ्लँज, म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या धातूच्या तबकड्या, फडक्याने पुसायच्या. मध्ये एखादा कीस अडकला तर चकती तिरकी बसते आणि पुन्हा तोच बाजूचा दाब. दोन्ही फ्लँज सारख्याच व्यासाच्या हव्यात. चकतीचं भोक २५.४ मिलिमीटरचं असतं, ती स्पिंडलवर हलक्या हाताने सरकली पाहिजे. ठोकून बसवायची नाही, आणि सैल असेल तर पत्र्याची पट्टी गुंडाळून भरायचीही नाही. बोल्ट यंत्रासोबत आलेल्या पान्यानेच आवळावा. पान्याला पाइप लावून जोर दिला तर फ्लँज चकतीत रुतते आणि तडा तिथूनच सुरू होतो. नंतर गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, खाली घेऊन, चकतीच्या रेषेतून बाजूला उभं राहून, एक मिनिट यंत्र मोकळं फिरवायचं. तुकडे चकतीच्याच पातळीत उडतात. प्रत्यक्ष कापतानाही डोकं त्या रेषेत नसावं.

चकतीने पूर्ण वेग घेतला की मगच ती मालाला टेकवायची, अलगद. पुढे दाब सारखा ठेवायचा आणि कान मोटरकडे. आवाज थोडा खाली उतरून स्थिर राहिला तर दाब बरोबर आहे. फारच खाली गेला तर जोर जास्त होतोय. आवाज चढाच राहिला, ठिणग्या कमी आणि कापलेलं तोंड निळं-काळं पडलं, तर जोर कमी पडतोय: कण तुटत नाहीत, नुसते घासतात. काप संपताना दाब सोडत आणायचा. बटण सोडल्यावरही चकती बराच वेळ फिरत राहते, तोवर खाली पडलेल्या तुकड्याला हात लावायचा नाही. तो तुकडा भाजण्याइतका गरमही असतो.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे एका यंत्राची चकती दुसऱ्या यंत्राला लावणं. फिरणाऱ्या चकतीतला ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. झिजून लहान झालेली चकती कटर मशीनवर नीट कापत नाही, कारण फेरे तेच राहिले तरी कडेचा वेग उतरलेला असतो. मग ‘अजून शिल्लक आहे’ म्हणून ती भोकात बुश (भोक लहान करणारं कडं) घालून हाताच्या ग्राइंडरला लावली जाते, आणि ती मावावी म्हणून ग्राइंडरचा गार्ड काढला जातो. सात इंची चकती ११,००० फेऱ्यांच्या ग्राइंडरवर फिरली तर कडेचा वेग सेकंदाला १०४ मीटर होतो. चकतीची मर्यादा असते ८० मीटर, म्हणजे ताण मर्यादेच्या जवळपास १.७ पट. त्यात समोर गार्ड नाही. लोखंड कापणारं कार्बाइड दातांचं चौदा इंची ब्लेडही मिळतं, पण ते मिनिटाला सुमारे १,३०० फेऱ्यांच्या कोल्ड कट यंत्रासाठी असतं. ३,८०० फेऱ्यांच्या यंत्रावर त्याच्यातला ताण साडेआठ पट होतो आणि कार्बाइडचे दात गोळीसारखे सुटू शकतात. लेबलवरचे जास्तीत जास्त फेरे नेहमी यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत.

ॲल्युमिनियमचे सेक्शन लोखंडाच्या चकतीवर कापू नयेत. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, कणांमधल्या फटी लिंपून टाकतं आणि चकती घासून तापते. शिवाय त्याचा भुगा लोखंडाच्या गंजाबरोबर बेसखाली साचला आणि ठिणगी पडली, तर ते मिश्रण भयंकर तापमानाने पेटू शकतं. स्टेनलेस स्टीलसाठी चकती वेगळी ठेवावी. साध्या लोखंडाचे कण त्यात रुतले, तर समुद्राच्या हवेत नव्या कोऱ्या रेलिंगवर गंजाचे ठिपके उठतात.

आणि पिंप. दारुखान्यासारख्या भंगाराच्या बाजारातून आलेलं तेलाचं किंवा थिनरचं रिकामं पिंप कधीही चकतीने कापू नये. ‘रिकामं आहे, काय होणार?’ हा समज घातक आहे. भरलेल्या पिंपात पेटायला हवाच नसते, रिकाम्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी स्फोट होतो, आणि तेवढ्यासाठी तळाशी चिकटलेला ओलावा पुरतो.

ठिणगी म्हणजे नुसता तापलेला कीस नव्हे. लोखंडाचा तो बारीक कण हवेत प्रत्यक्ष जळत असतो, म्हणून यंत्रापासून दूर गेल्यावरही तो उजळ दिसतो. साध्या माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांच्या. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात, कारण आतला कार्बन जळून वायू होतो. जुने कारागीर एवढ्यावरून माल ओळखतात. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमात अशा कामापासून ३५ फुटांच्या आत जळण्यासारखं काही नको असं म्हटलंय. आपल्या दहा बाय पंधराच्या गाळ्यात तर सगळंच त्या टप्प्यात येतं. म्हणून यंत्राच्या मागे उभा पत्रा लावायचा, रंगाचे डबे आणि थिनर बाहेर न्यायचे, समोर लावलेल्या मोटारसायकली हलवायला सांगायचं. चाळीच्या पॅसेजमध्ये काम असेल तर चपलांचं कपाट आणि दारांचे पडदेही. काम संपल्यावर किमान अर्धा तास कुणीतरी तिथे थांबावं, तास थांबलं तर उत्तम. गोणपाटात शिरलेली ठिणगी धूर न दाखवता बराच वेळ धुमसते.

विजेचं थोडक्यात. २,२०० वॅटची मोटर साधारण १० अँपिअर ओढते. १ चौरस मिलिमीटरच्या ३० मीटर वायरमधून तिला वीज दिली तर वायरमध्येच शंभर वॅटहून जास्त उष्णता तयार होते, आणि वायर चरखीवर गुंडाळलेलीच असेल तर ती आत साठते आणि इन्सुलेशन वितळतं. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, ती पूर्ण उलगडावी आणि १६ अँपिअरचा थ्री-पिन प्लग लावावा. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच, पावसाळ्यात तर तिच्याशिवाय यंत्र सुरूच करू नये.

अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात बूट. टेरिकॉट किंवा नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. होजिअरीचे सैल मोजे हातात घालून फिरत्या चकतीजवळ जाऊ नये, त्याचा धागा अडकला तर हात आत ओढला जातो. कापताना आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. आंतरराष्ट्रीय शिफारशींपैकी कडक हिशेबाने १०० डेसिबल कानाला दिवसातून १५ मिनिटंच सोसतात, तेव्हा इअरप्लग.

डोळ्यांसाठी बाजूने बंद असलेला गॉगल आणि त्यावर फेस शील्ड. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. तरीही कण गेलाच तर रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढायला कुणालाही देऊ नये. बुबुळावर रुतलेल्या लोखंडाभोवती काही तासांतच गंजाचं कडं धरायला लागतं आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाच काढावं लागतं. तुकडा जोरात लागला असेल, नजर धूसर झाली असेल, तर डोळा दाबायचा नाही, धुवायचाही नाही. वर कागदी कप उपडा धरून चिकटवायचा आणि थेट रुग्णालय गाठायचं. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर आपण ग्राइंडिंगचं काम केलं आहे हे आधी सांगायचं. लोखंडाचा कण डोळ्यात राहिलेला असेल तर त्या चुंबकात तो हलतो आणि नजर जाऊ शकते, म्हणून तिथे आधी एक्स-रे काढून खात्री करतात.